सेकंड शिफ्ट सुटल्यावर

शिरोलीहून निघालो की पंचगंगेच्या पुलावर
कानातली भट्टी जरा निवते.
उत्तरेश्वरात पोचेपर्यंत एक वाजतो.
दारात बूट काढतो, मोरीत हात घासतो कोपरापर्यंत,
नखातली काळी वाळू तरी निघत नाही.

पोरगी जागी असते.
सव्वातीन महिन्यांची. बारसं अजून व्हायचंय.
राजनंदा भिंतीकडे तोंड करून.

कुणी तिला नावं ठेवू नयेत म्हणून सांगतो:
दूध वेळेवर, दुपटी घडी करून,
लसीचं कार्ड गॅसच्या पुस्तकात जपून.
फक्त चेहरा
दिवसाउजेडी शटर ओढलेल्या दुकानासारखा.

पोरगी आधी हाका मारायची.
भुवया उडवायची, हुंकार द्यायची, मुठी हलवून
तिच्या तोंडावर काहीतरी शोधायची.
मग एक दिवस पंख्याकडे बघायला लागली.
तासन्‌तास पंखा.
घरातले म्हणाले, किती शहाणी, रडत नाही.
न्हाऊ घालायला येणाऱ्या तानूबाई मात्र
तेलाचा हात तसाच ठेवून म्हणाल्या,
"लेकरू गप न्हाई रं, दमलंया."

सीपीआरमध्ये वरच्या मजल्यावर एक डॉक्टरबाई बसतात.
राजनंदाला गोळी लिहून दिली, रात्रीची एक. पण त्याआधी
विचारलं, लहानपणी तुम्हाला कोण घ्यायचं?
राजनंदा म्हणाली, आई अंगणवाडीत होती.
साऱ्या गल्लीची पोरं ताजव्यात घालायची,
मी दाराशी बसून माझा नंबर कधी येतो बघायची.
आणि एवढ्यावर ती जी रडली,
बाहेर बाकावरच्या बायका डोकावल्या.

मला विचारलं तेव्हा नुसती पाठ आठवली.
वडिलांची. तालमीतून आलेली, लाल मातीची.
आजोबांसमोर स्वतःचं पोर उचलायची रीत नव्हती,
आणि आजोबा फार जगले.

बाई म्हणाल्या, विशेष काही करू नका.
तिनं बघितलं की बघा.
मान फिरवली तर बोलावू नका, खुळखुळा वाजवू नका.
विसावा घेत असते ती. परत येईल तेव्हा
तुम्ही तिथंच असा.
एवढंच?
एवढंच, म्हणाल्या, आणि हे लई अवघड असतंय.

अवघड म्हणजे.
बीड ओतल्यावर साचा लगेच फोडत नाहीत,
हे मला चौदा वर्षं कळतंय.
घाई केली की तडा, तोही आतून,
वरून माल चांगलाच दिसतो.
पण भट्टीला काटा असतो, किती तापली ते दाखवणारा.
इथं एवढंसं तोंड, हनुवटीवर दुधाचा सुकलेला थेंब.
आणि लोखंड कधी वर बघत नाही.

परवा रात्री मांडीवर घेतली.
बघितलं तिनं. मी बघितलं.
मान वळवली, पंख्याकडे गेली.
गप बसलो. गल्लीत कुत्री भुंकली, दूध संघाची गाडी गेली,
पायाला मुंग्या आल्या.
आली.
जीभ बाहेर काढली.
मीही काढली, चौतीस वर्षांचा, कानात काजळी.
तिनं पुन्हा. मी पुन्हा.
मग तोंडभर हसली, बोळकं, पार पडजीभ दिसेल इतकी,
आणि माझ्या छातीत काहीतरी कड्‌ असं वाजलं,
ते तडकल्याचं की सुटल्याचं, कळलं नाही.

चुळबुळली, तसं म्हणालो, भूक लागली वाटतं.
"भूक न्हाई," भिंतीकडून आवाज आला.
"बोलालीया ती."

वळली नाही राजनंदा.
पाठ तशीच ठेवून एक हात मागं आला,
चाचपत पोरीच्या तळपायाशी थांबला,
धरला नाही, नुसता ठेवला.
मी दिवा घालवला नाही.

सोमवारपासून माझी थर्ड शिफ्ट.
रात्रभर घरात त्या दोघीच.
पंखा बंद ठेवत जा, असं सांगणार होतो.
नाही सांगितलं. उकडतंय फार.